तिसऱ्या कडव्याआधी

“उतरली! थांबा, उतरली!” काचेपलीकडून बालाजी ढवळे ओरडला आणि त्याने खांद्यावरची हलगी काढून आम्हांला दिसेल अशी उंच धरली. “चामडं ढिलं पडलं, सर. शेकावी लागंल.”

गाणे तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी येऊन बंद पडले. शर्वरी सुरवसे माइकसमोर तशीच उभी होती. वरच्या सुरासाठी छातीत भरून घेतलेला श्वास तिला मुकाट्याने सोडून द्यावा लागला. इम्तियाज तांबोळीने गिटारीच्या तारांवर तळहात ठेवला आणि मान खाली घातली.

माझ्या शेजारी यंत्रापाशी बसलेल्या हेर्लेकरबाईंनी ध्वनिमुद्रण थांबवले. “परत तिथंच,” त्या म्हणाल्या.

“परत तिथेच,” मी म्हणालो.

मघाशी त्याच जागी इम्तियाज पुढची सुरावट विसरला होता. त्याच्याही आधी, अगदी त्याच जागी, बालाजीच्या हातून काठी निसटून जमिनीवर पडली होती. एकदा पडलेली काठी मी अपघात समजतो. परंतु तीन वेगवेगळे अपघात एकाच ओळीची वाट पाहत बसत नाहीत.

त्या काळी सांगलीच्या एका लहानशा नभोवाणी केंद्रावर मी ‘अखंड’ नावाचा कार्यक्रम करीत असे. केंद्र एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत होते. पूर्वी जिथे कागदाची रिळे रचून ठेवीत, त्या खोलीच्या भिंतींना घोंगड्या ठोकून आम्ही तिचा ध्वनिमुद्रणकक्ष केला होता. ज्यांचे नाव त्यांच्या तालुक्याबाहेर कोणी ऐकलेले नाही, आणि जे स्वतः रचलेल्या गाण्यांखेरीज काही वाजवीत नाहीत, असे बँड मी शोधून काढून तिथे बोलावीत असे. कार्यक्रमाचा नियम एकच होता. गाणे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत एका दमात झाले पाहिजे. मध्ये कोणी थांबला, तर पुन्हा आरंभापासून. तुकडे जोडायचे नाहीत.

हेर्लेकरबाईंना हा माझा निव्वळ हट्ट वाटे. “शेवटचं कडवं वेगळं घेऊ आणि चिकटवून टाकू की,” त्या आताही म्हणाल्या. “ब्रह्मदेवाला कळायचं नाही.”

“मला कळेल.”

“तुम्हांला काय हो आगाशे, तुम्हांला दुसऱ्याचा चुकलेला स्वल्पविराम पण झोपेत कळतोय.”

त्या दिवशीचा बँड बार्शीचा होता आणि त्याचे नाव ‘चौथा फाटा’. शर्वरी गात असे, इम्तियाज गिटार वाजवी आणि गाणी रची, बालाजी हलगी आणि दोन मोठे ढोल एकटा सांभाळी. तिघे एका शाळेत शिकलेले. त्यांतली शर्वरी पुढे प्राथमिक शिक्षिका झाली, म्हणून बाकीचे दोघे तिला चेष्टेने ‘बाई’ म्हणत, आणि तीही त्यांना कान धरून बाकावर उभे करण्याची धमकी देत असे. सकाळी त्यांची दोन गाणी विनासायास झाली होती. तिसरे, ‘सांडवा’, हेच त्यांचे खरे गाणे. संध्याकाळी कार्यक्रम राज्यभरच्या केंद्रांकडे रवाना व्हायचा होता. तोवर ‘सांडवा’ झाले नाही, तर नाशिकच्या एका बँडचे तयार मुद्रण मी राखून ठेवले होते आणि ते जाणार होते.

शर्वरीच्या दृष्टीने हा प्रश्न एका कार्यक्रमाचा नव्हता. सकाळी आल्या आल्या तिने मला ते सांगून टाकले होते. पुण्याच्या एका संस्थेने त्यांना वर्षभराच्या दौऱ्यावर पाठवायचे तत्त्वतः मान्य केले होते. मात्र निर्णयापूर्वी संस्थेचे लोक ‘अखंड’ ऐकणार होते. “सोमवारी मी शाळेचा राजीनामा देतेय, सर,” ती म्हणाली होती. “घरी अजून बोलले नाही. मोठ्या वर्गाला ओरडून ओरडून शिकवायचं आणि उरलेल्या घशानं गायचं, हे आता पुरे.” कायमची नोकरी सोडणारे माणूस ज्या स्वरात बोलते, त्यात एरवी थोडी भीती असते. तिच्या बोलण्यात ती मुळीच नव्हती.

हलगी शेकण्यासाठी बालाजी बाहेरच्या बोळात गेला. तिथे आम्ही एक विजेची शेगडी ठेवली होती. मी त्याच्या मागोमाग गेलो.

“बघू,” मी म्हणालो, आणि हलगी त्याच्या हातून घेऊन चामड्यावर बोट मारले. सबंध बोळ दणाणला. इतके ताणलेले चामडे मी क्वचितच पाहिले होते.

“आता आली बघा जाग्यावर,” बालाजी घाईने म्हणाला. “ऊब लागली की येती.”

“शेगडी अजून लावलेली नाही, बालाजी.”

त्याने शेगडीकडे पाहिले, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बोळच गरम हाय की हो सर तुमचा,” तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी एका बँडच्या गिटारवादकाने असेच केले होते. मुंबईच्या एका निर्मात्याशी त्याचे परस्पर ठरले होते, आणि जुन्या सोबत्यांचे नाव होऊ नये म्हणून तो दर वेळी अचूक जागी चुकत होता. मला ते कळले तेव्हा कार्यक्रम वाया गेला होता. तेव्हापासून कोणी एका जागी दोनदा चुकला की मी त्याच्या वाद्याकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघतो. बालाजीचे डोळे त्या क्षणी बोळाच्या टोकाकडे लागले होते.

तिथे जिन्याजवळ इम्तियाज आमच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. आवाज दबलेला होता, पण बोळ लांबट आणि रिकामा असल्यामुळे शब्द पोचले.

“नाही, तिला आज काही बोलायचं नाही. कार्यक्रम होऊ दे. ... शनिवारी, हां. मी आणतो तिला. ... नको, तिला कशाला सांगतेस? मग ती यायचीच नाही.”

मला पाहताच त्याने फोन बंद केला. “घरचा होता,” तो म्हणाला. मी न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

चहा आला. इम्तियाज आणि बालाजी ढोल सरकवण्याच्या निमित्ताने आत गेले. शर्वरी पेला घेऊन माझ्यापाशी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“सर, एक विचारू? तुम्हांला काही वेगळं वाटतंय का आज?”

“कशाबद्दल?”

“मास्तरकी करू नका हो, ती मी करते.” ती हसली, पण हसणे टिकले नाही. “बाळ्याच्या हातून काठी कधी सुटत नाही. जत्रेत त्याच्यावर पोरांनी नारळ फेकले तरी सुटली नाही. आणि इम्त्या स्वतःचं गाणं विसरतो? मुळात हे गाणं इथं घ्यायलाच नको होतं त्यांना. आठवतंय? तुमचा फोन आला तेव्हा दुसरंच घेऊ म्हणून किती भांडले!”

मला चांगले आठवत होते. त्यांनी पाठवलेले एका मैदानातल्या कार्यक्रमाचे मुद्रण ऐकूनच मी त्यांना बोलावले होते. त्या मुद्रणात ‘सांडवा’ तिसऱ्या कडव्यात वर चढते आणि हजारो माणसे एकमुखाने “सोडा पाणी, सोडा!” असे गर्जतात, तो प्रसंग ऐकून माझ्यासारख्या कोरड्या माणसाच्याही अंगावर काटा आला होता. हे गाणे नसेल तर मुद्रण नाही, असे मी इम्तियाजला स्पष्ट बजावले होते. त्याने अर्धा तास वाद घातला. मी वादात सहसा हरत नाही.

“तुमचा तर्क काय?” मी विचारले.

“मला सोडून चाललेत,” ती म्हणाली. “दुसरी कोणी गाणारी बघितली असणार. महिनाभर बघतेय, मी आले की गप्प होतात. तालीम संपली की हे दोघं मागं थांबतात. मी एकटीच पुढं.” तिने पेल्यातला चहा न पिताच खिडकीत ठेवला. “तुम्ही काचेतून सगळं बघता. तुम्हांला काही दिसलं तर मला सांगाल ना? खरं ते?”

“सांगेन.”

“शब्द?”

“मी शब्द जपून वापरतो, शर्वरीबाई. सांगेन म्हणालो म्हणजे सांगेन.”

पुढच्या खेपेला मी यंत्राकडे पाहिलेच नाही. खुर्ची काचेला भिडवली आणि इम्तियाजच्या हातांवर डोळे रोखून बसलो. गाणे उत्तम चालले होते. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. “काठाला आलंय पाणी” ही तिसऱ्या कडव्याच्या आधीची ओळ शर्वरीने उचलली. ती ओळ हळूहळू चढत जाते, आणि तिच्या टोकावरून “सोडा पाणी, सोडा” ही आरोळी घ्यायची असते. ओळ संपत आली तशी इम्तियाजने मान न वळवता बालाजीकडे एक तिरपी नजर टाकली. बालाजीने पापणी मिटली. तत्क्षणी इम्तियाजचा डावा हात गिटारीच्या माथ्याकडे गेला आणि त्याने एक खुंटी सफाईने उलटी पिळली. तार बेसूर होऊन लोंबली.

“सॉरी, सॉरी! तार उतरली,” तो म्हणाला.

शर्वरीने कानांवरचे हेडफोन काढले आणि काचेतून थेट माझ्याकडे पाहिले. मी काय पाहिले हे तिला माझ्या चेहऱ्यावरून वाचायचे होते. मी चेहरा हलू दिला नाही. कारण जे पाहिले त्याचा अर्थ मला अजून लागायचा होता, आणि अर्धवट सत्य सांगण्याचा शब्द मी दिला नव्हता.

“जेवून या,” मी बटण दाबून आत सांगितले. “समोर खाणावळ आहे. सगळ्यांनी जा.”

ते गेल्यावर हेर्लेकरबाई माझ्याकडे वळल्या. “बघितलंत ना? ठरवून चाललंय. नाशिकचं पाठवून मोकळे व्हा. आणि त्या बिचारीला सांगा की हे दोघं तिचा गळा कापतायत.”

“का कापतायत?”

“दोन वर्षांपूर्वीचा तो गिटारवाला विसरलात? तसंच. दुसरं कुठंतरी जमलं असेल.”

“मग सकाळची दोन गाणी का वाजवली? तीही बिघडवता आली असती. आणि या गाण्यातसुद्धा पहिली दोन कडवी का सोडतात? ज्याला घर पाडायचे आहे, तो दर वेळी एकाच विटेला हात का लावील?”

“आता तुम्ही वकिली सुरू केलीत.”

“त्या ओळीत असे काही आहे,” मी म्हणालो, “की जे त्यांना आपल्या यंत्रात जाऊ द्यायचे नाही. फसलेली सगळी मुद्रणे ठेवली आहेत ना? त्यांतली शेवटची ओळ लावा. हलगी बंद करा, गिटार बंद करा. फक्त तिचा माइक ठेवा.”

प्रत्येक माइकचा आवाज वेगळा नोंदला जात असल्यामुळे हे करणे सोपे होते. हेर्लेकरबाईंनी दोन्ही वाद्ये मिटवली आणि त्या घोंगड्यांच्या खोलीत उभ्या असलेल्या एकट्या शर्वरीचा आवाज आमच्या कानांत आला.

“काठाला आलंय पाणी...”

आरंभी तो सकाळसारखाच होता, जाड आणि तापलेला. मग ओळ चढू लागली, आणि चढता चढता आवाजाच्या आत काहीतरी उसवले. सूर होता, पण सुराच्या शेजारी एक वाऱ्याची फट उघडली. धुवट कापड फाटण्यापूर्वी विरळ दिसू लागते तसा तो विरळ झाला, आणि शेवटच्या अक्षरावर सूर संपून नुसती हवा उरली. लगेच काठी पडल्याचा खट् आवाज तिच्या माइकमध्येही अस्पष्ट उमटला होता.

“दुसरी लावा,” मी म्हणालो.

दुसरीत तेच. तिसरीत अधिक लवकर. चौथीत हवा इतकी होती की सूर शोधावा लागला. हेर्लेकरबाईंनी हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले.

“आई गं,” त्या म्हणाल्या. “वाद्यांच्या कल्लोळात हे ऐकूच आलं नाही.”

“तिलाही ऐकू येत नाही. तिच्या हेडफोनमध्ये हलगी किती आहे?”

“भरपूर. इम्तियाजनंच सांगितलं होतं, तिला हलगी जोरात लागते म्हणून.”

“आता ते मैदानातले मुद्रण लावा. बार्शीचे.”

त्यांनी ते लावले. हजारो माणसांची गर्जना खोलीत भरली. मी डोळे मिटून, वारंवार, तीच जागा ऐकली. “सोडा पाणी, सोडा!” पुरुष होते, बायका होत्या, चिरक्या आवाजाची पोरे होती, हलगी कडाडत होती. ज्या ओळीसाठी मी या बँडला बोलावले होते, त्या ओळीत शर्वरी नव्हतीच.

दार वाजले. इम्तियाज एकटाच परत आला होता. तोंडावर पाणी मारून आलेला दिसत होता. शर्टाची कॉलर भिजली होती.

“सर, तुम्ही मघाशी खुंटी बघितलीत,” तो म्हणाला. “मला कळलं. ती वर यायच्या आत बोलायचं होतं.”

“मी खुंटी पाहिली, आणि त्यानंतर तिचा आवाजही ऐकला. एकटा.”

तो दारातच खाली बसला. “गेल्या वर्षीच्या पाऊसकाळापासून असंय. आधी थोडंच व्हायचं. तिला सर्दी वाटायची. मग एका कार्यक्रमात लोक आपणहून ती ओळ म्हणायला लागले, तर मी तिला म्हटलं, माइक लोकांकडे कर, मजा येईल. तसं केलं. सगळ्यांना आवडलं. तेव्हापासून ती ओळ ती एकटी कधी गायलीच नाही. तिला वाटतं, ती गाते.”

“आणि तालमीत?”

“तालमीत बाळ्या हलगी बडवतो. जितका तिचा आवाज बसेल तितकी जोरात.”

“सूर खाली का नाही उतरवलात?”

“उतरवला तर ती विचारेल, का?” त्याने माझ्याकडे पाहिले. “सर, सोलापूरला माझी बहीण डॉक्टर आहे, घशाची. शनिवारी तिच्याकडं नेणार आहे, जेवायला म्हणून. गाठ असेल, विश्रांतीनं जाईल, असं ती फोनवर म्हणते. पण आज नको. आज तिला हे ऐकवू नका. तुम्ही एवढंच म्हणा, की हे गाणं तुमच्या कार्यक्रमात बसत नाही. आमच्याकडं दुसरं तयार आहे. तुमचं ती ऐकेल.”

“म्हणजे मी खोटे बोलू.”

“एवढंसं.”

“का हो आगाशे, बोला की,” हेर्लेकरबाई हळूच म्हणाल्या. “तुमच्या जिभेला काय होतंय?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. दया आणि फसवणूक यांच्यातला भेद मला त्या वेळी बऱ्यापैकी मांडता आला असता. परंतु इम्तियाजच्या मागे दार पुन्हा उघडले आणि शर्वरी आत आली. तिच्यामागे बालाजी होता. त्याने तिला खाली अडवून ठेवायचा प्रयत्न केला असावा, कारण त्याला धाप लागली होती.

तिने खाली बसलेल्या इम्तियाजकडे पाहिले, मग आम्हां दोघांकडे.

“वा!” ती म्हणाली. “म्हणजे तुम्हीपण यांच्यात. ठरलं का सगळं? कोण आहे ती नवीन? पुण्याची की इथलीच?”

“शरू, कोणी नाही...” इम्तियाज उठू लागला.

“तू गप्प बस. मी सरांना विचारतेय. तुम्ही शब्द दिला होतात, सर.”

मी खुर्चीवरून उठलो आणि माझे हेडफोन तिच्यापुढे धरले.

“सर, नको,” इम्तियाज म्हणाला.

“बसा इथे,” मी शर्वरीला म्हणालो. “यात फक्त तुमचा आवाज आहे. बाकी काही नाही.”

ती बसली. हेर्लेकरबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ओळ लावली. आम्हांला काही ऐकू येत नव्हते. फक्त तिचा चेहरा दिसत होता. आधी कपाळावर आठी आली. मग तिने मान एका बाजूला कलती केली, वर्गात मागच्या बाकावरून कोण कुजबुजते आहे हे शिक्षिका ऐकतात तशी. पुढची खेप. त्यापुढची. तिने टेबलाची कड धरली.

“परत,” ती म्हणाली.

पुन्हा लावले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि तिने हेडफोन काढून टेबलावर अगदी अलगद ठेवले.

“बाळ्या, हलगी उतरली होती?”

“न्हाई, बाई.”

“काठी?”

“सोडली म्या.”

“आणि तू सूर विसरला होतास?”

“नाही,” इम्तियाज म्हणाला.

“कधीपासून ठाऊक आहे?”

त्याने मघाशी मला सांगितले तेच सारे पुन्हा सांगितले. पावसाळा, सर्दी, मैदानातली माणसे. ती टेबलाकडे बघत ऐकत होती. लोकांकडे माइक करायला लावल्याचे आले तेव्हा मात्र तिने मान वर केली.

“ते तू मुद्दाम सांगितलं होतंस?”

“हो.”

“मला वाटलं, लोकांना गाणं आवडतं.”

“आवडतंच की, शरू!”

“वर्षभर मला लोकांच्या गळ्यानं गायला लावलंत.” तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “आणि सोमवारी मी राजीनामा देणार होते. तुम्हांला दोघांना माहीत होतं. आईला माहीत नाही, पण तुम्हांला होतं. देऊ दिला असतात?”

“रविवारी सांगणार हुतो,” बालाजी पुटपुटला. “दोघं मिळून. सोलापूरला दाखवून आल्यावर.”

“सोलापूरला काय म्हणून नेणार होतात?”

बालाजीने इम्तियाजकडे पाहिले. “जेवाय,” तो म्हणाला.

“म्हणजे तेही खोटंच.”

“तुला त्रास होऊ नये म्हणून, बाई! आईच्यान सांगतो, दुसरं मनात काय न्हवतं. तुझ्याबिगर कसला फाटा आन् कसलं काय!”

तो खरे बोलत होता. ते मला दिसत होते, हेर्लेकरबाईंना दिसत होते. शर्वरीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मला वाटले, तिला तेवढे दिसत नव्हते.

“सर, वेळ आहे का?” तिने विचारले.

“एका खेपेपुरता आहे. सूर खाली घ्यायचा असेल तर...”

“नाही. आहे तिथंच.” ती उठली. “आणि तुम्ही दोघं. माझा सूर लागो, न लागो, मला उलटी होवो. मध्ये हात थांबला तर बार्शीला मी माझी वेगळी जाईन. हेर्लेकरबाई, माझ्या कानातली हलगी काढा. मला मी ऐकू येऊ दे.”

ते आत गेले. लाल दिवा लागला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गाणी त्या काचेतून पाहिली, परंतु आरंभापासूनच तिघेही एका ओळीची वाट पाहत आहेत, असे दुसरे गाणे आठवत नाही. पहिल्या कडव्यात बालाजीचा हात दोनदा जड पडला. इम्तियाजने डोळे मिटून घेतले होते. शर्वरी सरळ उभी होती आणि तिला प्रथमच स्वतःचा एकटीचा आवाज येत होता. काही शब्द ती जणू नव्याने वाचून पाहत होती, आणि त्यामुळे गाणे सकाळपेक्षा संथ, अधिक सावध आणि, सांगायला हरकत नाही, अधिक सुंदर झाले होते.

“काठाला आलंय पाणी...”

फट उघडली. आता ती आम्हां सर्वांना ऐकू येत होती. बालाजीची काठी आपोआप जोरात पडू लागली. वर्षभराची सवय होती ती. शर्वरीने त्याच्याकडे न बघता डावा हात वर केला. हलगी दबली, अगदी हलकी झाली, पण चालू राहिली. आणि ती वर गेली.

“सोडा पाणी...”

सूर अर्ध्यावर फुटला. तिने तो सोडला नाही. फुटलेल्या सुराची जी काही धार उरली होती, ती तशीच ओढत ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली. “सोडा” हा शब्द आला तो केवळ श्वास होऊन आला. त्या श्वासाखाली गिटार आणि हलगी चालत राहिली. उरलेले कडवे तिने खालच्या पट्टीत घेतले, धृपदावर आली आणि गाणे संपवले.

हेर्लेकरबाईंनी शेवटचा स्वर पुरता विरेपर्यंत बटणाला हात लावला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, “अखंड आहे बरं का.”

मी आत गेलो. इम्तियाजने गिटार खाली ठेवली होती आणि तो शर्वरीसमोर उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

“छान झालं, शरू,” तो म्हणाला. “खरंच. इतकं चांगलं तू कधी गायली नव्हतीस.”

तिने त्याच्याकडे पाहिले. ते पाहणे रागाचे नव्हते, आणि म्हणूनच त्याला ते सोसवेना.

“हे तू मनापासून बोलतोयस,” ती म्हणाली, “की मला त्रास होऊ नये म्हणून?”

“मनापासून. देवाशप्पथ.”

“असेलही.” ती थकून म्हणाली. “पण मला ते आता कसं कळायचं, इम्त्या?”

त्याने बालाजीकडे पाहिले. बालाजी हलगीच्या चामड्यावर तळवा फिरवीत राहिला. शर्वरी माझ्याकडे वळली.

“आगाशे सर, तुम्ही सांगा. ओळ लागली?”

मला कित्येक उत्तरे सुचली. त्या फुटलेल्या सुरात जे होते ते लागलेल्या सुरात कधी आले नसते, हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आजही वाद घालून सिद्ध करू शकेन. पण तिने ते विचारले नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. “लागली नाही.”

तिने मान हलवली. आल्यापासून प्रथमच तिचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

“मग हेच पाठवा,” ती म्हणाली.